सर आलेच नाहीत, तेव्हा वर्गात काय झालं? अनुभव लिहा

2002-03 मध्ये बांगलादेश, एक्वादोर, भारत, इंडोनेशिया, पेरू आणि युगांडा या सहा देशांतल्या प्राथमिक शाळांना न कळवता भेटी दिल्या गेल्या. सरासरी 19 टक्के शिक्षक जागेवर नव्हते. मुलं तेव्हा काय करत होती, ते मात्र तुम्हीच सांगू शकता. विद्यार्थी, पालक, शिक्षक, सगळ्यांनी लिहा. शाळेचं नाव नको.

माजी विद्यार्थिनी
सहावीत गणिताचे सर आजारी पडले, दोन महिने आले नाहीत. अपूर्णांकांचा धडा नुकताच सुरू झाला होता. मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचा, तास संपला की पुसायचा. नंतर नव्या बाई आल्या. त्यांनी धडा झालाय असं धरून पुढचा घेतला. नववीत बीजगणितात क्ष/2 + क्ष/3 आलं. मी लिहिलं 2क्ष/5. वरचं वर मिळवलं, खालचं खाली. वर्ग हसला. छेद समान करायचा असतो हे मला कुणी शिकवलंच नव्हतं, पण मी कितीतरी वर्षं स्वतःला ढ समजत राहिले.

पालक
"आज काय शिकवलं?" "काही नाही." हे रोजचंच झालं. मग एके दिवशी मुलगाच म्हणाला, पोट दुखतंय, आज नाही जात. मी रागावलो नाही. काय तोंडाने रागावणार?

शिक्षिका
कृपा करून सगळ्यांना कामचुकार म्हणू नका. सहकारी प्रशिक्षणाला गेले की पहिली आणि चौथी माझ्याकडे एकत्र. पहिलीला गिरवायला देऊन मी चौथीचा भागाकार घेत होते. वळून पाहिलं, तर एका मुलीने पानभर 'व' काढले होते, पोट दांडीच्या उजवीकडे. तासभर चुकीचाच सराव! रजा हक्काची आहे, पण आमच्या जागी उभं राहायला कुणी नसतं, हे खरं दुखणं.

वाचक
उदयपूर भागातल्या एकशिक्षकी शाळांत एक प्रयोग झाला होता. शिक्षकाने रोज दोनदा मुलांसोबत फोटो काढायचा, पगार हजर दिवसांवर. गैरहजेरी निम्म्यावर आली, मुलांचे गुणही वाढले. म्हणजे हजेरीने फरक पडतोच. पण बाई म्हणतात तो एकत्र वर्ग कॅमेऱ्याने सुटत नाही.

दुसरे शिक्षक
बाईंचं पटलं. रजेवर जाताना मी आता टाचणवहीत धड्याचं नाव लिहून थांबत नाही. कोण कुठे अडकलंय तेही लिहितो. परवा परत आलो, तर बदली शिक्षकांनी खाली लिहिलं होतं: "हातच्याची वजाबाकी तिघांना जमली, दोघं राहिलीत."