जुन्या सिनेमांतलं हॅकिंग खरंच 'काहीही' होतं का?

जुनी_कॅसेट
हल्ली जुन्या इंग्रजी सिनेमांतले कॉम्प्युटरचे सीन कापून त्यावर हसायच्या व्हिडिओंचा नुसता पूर आलाय. हिरो कीबोर्ड बडवतोय, काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं पळतायत, मोठ्ठ्या लाल अक्षरांत 'ॲक्सेस डिनाइड', दहा सेकंदांत 'ग्रँटेड', आणि खाली सगळे खिदळतायत. मला हे हसणं अजिबात पटत नाही. त्या काळच्या चांगल्या सिनेमांना एक गोष्ट आपल्यापेक्षा नीट कळली होती, की चोर मशीनच्या नाही, माणसाच्या वाटेने आत शिरतो.

१९८३ चा 'वॉरगेम्स' घ्या. शाळकरी पोरगा, घरी इम्साय कंपनीचा खोक्यासारखा कॉम्प्युटर, फोनचा रिसिव्हर उचलून मोडेमच्या दोन खळग्यांत बसवायचा. हा पोरगा शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून मार्क बदलतो. कसा शिरतो? वर्गात आगाऊपणा केला म्हणून ऑफिसात पाठवतात, तिथे तो टेबलाशी ठेवलेला कागद हळूच बघून घेतो. कागदावर जुने पासवर्ड एकाखाली एक लिहून खोडलेले, आणि शेवटचा न खोडलेला शब्द 'पेन्सिल'. बास, एवढंच हॅकिंग. पुढे अणुयुद्ध सुरू करू शकणाऱ्या लष्कराच्या कॉम्प्युटरचा पासवर्डसुद्धा तो टायपिंग करून फोडत नाही, तर ज्याने तो प्रोग्राम लिहिला त्या शास्त्रज्ञाची सगळी माहिती खणून काढतो, त्याचा लहान मुलगा गेला हे कळतं आणि पासवर्ड निघतो त्या मुलाचं नाव, जोशुआ. आज किती लोकांचा पासवर्ड मुलाचं नाव आणि जन्मसाल असा आहे सांगा.

त्याच लेखकांचा, लास्कर आणि पार्क्सचा, १९९२ चा 'स्नीकर्स' तर माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात प्रामाणिक सिनेमा आहे. त्यात रॉबर्ट रेडफर्ड एका बिल्डिंगमध्ये शिरतो तो हातात केक आणि फुगे घेऊन, गार्ड आधीच एका डिलिव्हरीवाल्याशी हुज्जत घालून वैतागलेला, हा मागून ओरडतो की दाबा ना ते बटण, आणि गार्ड दाबतो. शिवाय गणितावरच्या लेक्चरचा जो सीन आहे त्यासाठी लेनर्ड ॲडलमनची मदत घेतली होती, म्हणजे माहिती गुप्त ठेवायच्या ज्या आरएसए पद्धतीवर नंतर इंटरनेटवरचे व्यवहार उभे राहिले तिच्यातला 'ए' म्हणजे हाच माणूस. याला 'काहीही' म्हणायचं?

बॅकबेंचर
असहमत, आणि जोरात असहमत. तुम्ही ढिगातले दोन चांगले आंबे काढून सगळी पेटी गोड आहे म्हणताय. 'स्वोर्डफिश' आठवा, २००१. डोक्याला बंदूक लावून साठ सेकंदांत सरकारी सिस्टीम फोड म्हणतात आणि तो फोडतो. 'इंडिपेन्डन्स डे', १९९६, ॲपलच्या लॅपटॉपवरून परग्रहावरच्या यानात व्हायरस सोडतात. अहो इथे ऑफिसातला प्रिंटर ऑफिसातल्याच लॅपटॉपला ओळखत नाही!

पण माझा खरा राग गमतीजमतीवर नाहीये. या सिनेमांनी हॅकर म्हणजे जादूगार ही समजूत पसरवली आणि ती कायदा करणाऱ्यांनीही उचलली. 'वॉरगेम्स' आला त्याच वर्षी मिलवॉकीची काही पोरं पकडली गेली, ४१४ नावाची टोळी, लॉस अलामोसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलेली. अमेरिकेच्या संसदेत सुनावणी झाली तर तिथे चक्क या सिनेमाचा तुकडा दाखवला. त्यातून १९८४ चा आणि मग १९८६ चा कडक कायदा आला, ज्याच्याखाली २०११ मध्ये ॲरन स्वार्ट्झ या तरुण प्रोग्रामरवर केस झाली, गुन्हा काय तर शोधनिबंध भरमसाट डाउनलोड केले. केस चालू असतानाच २०१३ मध्ये त्या मुलाने आत्महत्या केली. केव्हिन मिटनिक या गाजलेल्या हॅकरने स्वतः सांगितलंय की त्याला एकांत कोठडीत ठेवलं कारण सरकारी वकिलाने जज्जला पटवलं होतं की हा फोनमध्ये शीळ घालून अणुयुद्ध सुरू करू शकतो. हे डोक्यात आलं कुठून?

कोकणकडा
मी एडिटिंगच्या लाइनमध्ये आहे म्हणून एक बाजू मांडतो जी कुणी बोलत नाही. जुना ट्यूबवाला मॉनिटर सिनेमाच्या कॅमेऱ्याने शूट केला तर त्यावर काळे पट्टे फिरताना दिसतात, कारण कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेम घेतो आणि स्क्रीनचा वेग वेगळा. त्यामुळे स्क्रीन कॅमेऱ्याशी जुळवून चालवायला लागायचे, नाहीतर चित्र आधी वेगळं तयार करून तिथे दाखवायचं. 'वॉरगेम्स'मधल्या त्या युद्धकक्षाच्या भिंतीवरचे भलेमोठे नकाशे आधीच फिल्मवर उतरवून मागून प्रोजेक्ट केलेले आहेत. आणि हिरोच्या कॉम्प्युटरवर अशी सोय केली होती की तो कुठलीही की दाबू दे, स्क्रीनवर बरोबर तेच अक्षर उमटणार. मग मोठी अक्षरं का? कारण खरा टर्मिनल ८० अक्षरांच्या बारीक ओळींचा, थेटरात मागच्या रांगेतल्या माणसाला वाचता यायला नको? अक्षरागणिक टिक टिक आवाजही त्यासाठीच, डोळा तिकडे जावा म्हणून. हे अडाणीपण नाही, ही कारागिरी आहे.

आणि 'जुरासिक पार्क'मध्ये ती मुलगी 'ही युनिक्स सिस्टीम आहे, मला येते' म्हणते आणि स्क्रीनवर थ्रीडी चौकोन उडतात, त्यावर जग हसलं. तो खरा प्रोग्राम होता! सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या मशीनवर चालणारा, फायली थ्रीडीत दाखवणारा. हसणाऱ्यांनी आधी शोधायचं ना थोडं.

बॅकबेंचर
@कोकणकडा, प्रोग्राम खरा होता मान्य. पण दाराची कुलुपं लावायला कोण थ्रीडी चौकोनांवरून उडत जातं? खरी वस्तू खोट्या जागी ठेवली तर ते खोटंच.

जुनी_कॅसेट
'जुरासिक पार्क'चं नाव निघालंच आहे तर सांगतो, लोक त्या मुलीवर अडकतात आणि पार्कच्या प्रोग्रामरला, नेड्रीला, विसरतात. सगळी सिस्टीम एकाच माणसाने लिहिलेली, त्याला पैसे कमी दिल्याची खुन्नस, बाहेरच्या कंपनीकडून पैसे खाल्लेले, आणि दुसऱ्या कुणाला त्याचा कोड कळत नाही. डायनासोर सोडून द्या, ही गोष्ट कुठल्याही आयटी कंपनीत घडू शकते. आतला नाराज माणूस हा सगळ्यात मोठा धोका हे १९९३ मध्ये लहान पोरांच्या सिनेमात सांगितलंय.

मनीमाऊ
तुम्ही सगळे हॅकरवरच बसलाय, रोजच्या नेटबद्दल कुणी बोलेल का? मी सँड्रा बुलकच्या 'द नेट'च्या बाजूने आहे. १९९५ चा. ती घरबसल्या नेटवर पिझ्झा मागवते त्याचं तेव्हा कौतुक झालं असेल, पण अमेरिकेत सांताक्रूझला पिझ्झा हटने १९९४ मध्येच ते सुरू केलेलं, म्हणजे तेही हवेतलं नव्हतं. खरी गोष्ट पुढची आहे. तिची ओळखच कॉम्प्युटरमधून बदलून टाकतात, शेजारी तिला ओळखत नाहीत, आईला अल्झायमर, आणि पोलीस म्हणतात स्क्रीनवर लिहिलंय तू दुसरीच आहेस.

माझी मावशी आयुष्यभर शेतात राबलेली, बोटांच्या रेषा झिजून गेल्यात. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. मशीनवर अंगठा ठेवला, लाल. दुसरं बोट, लाल. हात पुसून परत, लाल. समोरचा मुलगा तिला लहानपणापासून ओळखतो, आमच्याच आळीतला, तो स्क्रीनकडे बघून म्हणाला मावशी मी काय करू, मशीन घेत नाहीये. तिथे उभं राहून मला तोच सिनेमा आठवला. यांनी तीस वर्षं आधी सांगितलं होतं की माणूस समोर उभा असला तरी लोक स्क्रीनचं ऐकतील.

पण 'मुझसे दोस्ती करोगे'ला मात्र माझी माफी नाही. एक मुलगी दुसरीच्या नावाने वर्षानुवर्षं ईमेल लिहिते, तो लंडनमध्ये बसून भलतीच्या प्रेमात, आणि सिनेमा त्याला गोड गोड प्रेमकहाणी म्हणतो. २००२ साली नेट कॅफेत तासाचे पैसे मोजून अनोळखी लोकांशी चॅट करणाऱ्या आमच्या पिढीला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं की पलीकडे दुसरंच कुणी असू शकतं, आणि ते दरवेळी राणी मुखर्जी नसतं.

पाटावरचा_विंचू
@मनीमाऊ, मावशीचा किस्सा लागला एकदम.

माझं काम सायबर सुरक्षेतलं आहे, दोन्ही बाजूंना थोडं बोलतो. बांगलादेश बँकेची चोरी, फेब्रुवारी २०१६. चोरांनी सुमारे १ अब्ज डॉलर काढायचा प्रयत्न केला, ८ कोटी १० लाख हाती लागले. बँकेला आधी काय दिसलं? प्रिंटर चालत नाहीये. व्यवहारांचे कागद छापणारा प्रिंटर बंद, लोकांना वाटलं नेहमीसारखा बिघडला. चोरांनी गुरुवारची रात्र निवडली, ढाक्यात शुक्रवारी सुट्टी, मग न्यूयॉर्कला शनिवार-रविवार, आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. हे सगळं आखून केलेलं.

आपल्या पुण्यातलं कॉसमॉस बँकेचं प्रकरण तसंच, ऑगस्ट २०१८, सुमारे ९४ कोटी. ११ तारीख, दुसरा शनिवार, बँका बंद. तिकडे सर्व्हरच्या जागी खोटी यंत्रणा 'हो, पैसे द्या' म्हणत होती आणि इकडे २८ देशांत माणसं खोटी कार्डं घेऊन एटीएमसमोर उभी, आपल्याकडे कोल्हापुरातसुद्धा. मग सोमवारी हाँगकाँगला आणखी रक्कम गेली. आता सांगा, याच्यात एकही सीन सिनेमाला कमी आहे का? कुठल्याही सिनेमात दिसत नाही ती वाट बघणं. हे लोक महिनोन्महिने आत गप्प बसून असतात, कोण कधी लॉगिन करतो, कुठला फॉर्म कसा भरतो ते बघत. 'वॉरगेम्स'मध्ये तरी तो पोरगा कॉम्प्युटरला एकामागून एक फोन नंबर लावायला बसवतो, ते कंटाळवाणं काम दाखवलंय. बाकी सिनेमांत घाईच घाई.

बॅकबेंचर
@पाटावरचा_विंचू, हेच तर म्हणतोय मी. घाई दाखवली म्हणून लोकांना वाटतं हॅकिंग म्हणजे कुणीतरी हुशार पोरगा अंधाऱ्या खोलीत बसून करतो, माझ्याशी त्याचा काय संबंध. आणि मग फोन येतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडली, व्हिडिओ कॉलवर खाकी कपडे, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, डिजिटल अटक. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये सांगावं लागलं की असं काही कायद्यात नसतंच. मागचा तो देखावा बघून रिटायर्ड माणसं आयुष्यभराची पुंजी पाठवतात. असला चोर कुठल्या जुन्या सिनेमाने दाखवला?

जुनी_कॅसेट
@बॅकबेंचर, 'स्नीकर्स'ने! केक आणि फुगेवाला सीन म्हणजे तेच आहे, समोरच्याला गोंधळात टाकायचं, घाई करायची, विचार करायला वेळ द्यायचा नाही. त्यातच आवाजाचं कुलूप आहे, 'माझा आवाज हाच माझा पासपोर्ट' असं वाक्य त्याच माणसाच्या आवाजात हवं, तर हे लोक त्या माणसाला एका बाईबरोबर जेवायला पाठवतात आणि गप्पांच्या ओघात एकेक शब्द टेप करून जोडतात. आपल्याकडे '१६ डिसेंबर'मध्ये 'दुल्हन की बिदाई का वक्त बदलना है' हा आवाजाचा पासवर्ड होता त्यावर आजही लोक हसतात. आज आवाजाची नक्कल करून 'बाबा, मी अडचणीत आहे' असे फोन येतायत. सांगा आता काय हसायचं ते.

आणि कायद्याचं म्हणाल तर दुसरी बाजूही सांगा ना. राष्ट्राध्यक्ष रेगननी 'वॉरगेम्स' जून १९८३ मध्ये कॅम्प डेव्हिडला पाहिला आणि बैठकीत सेनादलांचे प्रमुख जनरल व्हेसींना विचारलं, असं खरंच होऊ शकतं का. आठवड्याने उत्तर आलं की आपण समजतो त्याहून परिस्थिती फार वाईट आहे. सप्टेंबर १९८४ मध्ये कॉम्प्युटर सुरक्षेचा आदेश निघाला तो त्यामुळे. एका सिनेमाने राष्ट्राध्यक्षाला योग्य प्रश्न विचारायला लावला, आणखी काय पाहिजे.

बॅकबेंचर
'स्नीकर्स' या शनिवारी बघतो, तेवढं तुमचं ऐकलं. पण त्या आदेशाचं पुढचंही सांगा. त्यात नागरी कॉम्प्युटरवरसुद्धा एनएसए या हेरखात्याला अधिकार दिला होता, संसदेत त्यावर बोंब झाली आणि १९८७ मध्ये वेगळा कायदा करून ते काम बिगरलष्करी संस्थेकडे द्यावं लागलं. प्रश्न योग्य विचारला असेल, पण घाबरून उत्तर दिलं की असं होतं, आणि ती भीती त्या पडद्यावरून आली. स्वार्ट्झबद्दल मी वर लिहिलंय, त्यावर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.