मदत हवी आहे : फादर नसतात त्या रविवारच्या उपासनेचा मराठी क्रम

नवापूर तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर फादर महिन्यातून एकदा मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) अर्पण करायला येतात. पावसाळ्यात नदीला पूर आला की तेही जमत नाही. बाकीचे रविवार आम्ही प्रापंचिकच (धर्मगुरू नसलेले साधे भाविक) सांभाळतो. वाचनं होतात, गाणी होतात, पण दर वेळी क्रम वेगळा. मागच्या रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थना (सगळ्यांच्या गरजांसाठी करायची मागणी) राहूनच गेल्या, आणि आजारी माणसाच्या घरचे त्याच प्रार्थनेसाठी आले होते.

वसईच्या नातेवाइकांनी मिस्साग्रंथाच्या पानांचे फोटो पाठवले, पण त्यातलं बरंचसं धर्मगुरूंनीच म्हणायचं असतं. "प्रभू तुमच्याबरोबर असो" आणि शेवटचा आशीर्वाद यांच्या जागी प्रापंचिकाने नेमके कोणते शब्द म्हणायचे, तिथेच आम्ही अडतो. रोमने (व्हॅटिकनने) १९८८ साली अशा रविवारांसाठी मार्गदर्शिका काढली आहे. फादरांनी ती इंग्रजीतून समजावली, पण मराठी प्रत त्यांच्याकडेही नाही. त्यांचा पूर्ण पाठिंबा आहे, तेव्हा परवानगीचा प्रश्न नाही.

ख्रिस्तप्रसाद (मिस्सात पवित्र केलेली भाकर) वाटण्याची नेमणूक इथे कुणाचीच नाही, म्हणून फक्त वचनाची (बायबल वाचनाची) उपासना हवी. प्रवचन धर्मगुरू किंवा डीकननेच (धर्मगुरूच्या खालच्या पदाचा दीक्षित सेवक) द्यायचं असल्याने फादरांनी लिहून दिलेलं चिंतन वाचतो, मग मावचीत (इथल्या आदिवासी बोलीत) थोडक्यात सांगतो. उपासना चालवणाऱ्या दोघी जेमतेम सातवी शिकलेल्या आहेत, त्यामुळे मजकूर सोपा आणि मोठ्या अक्षरातला हवा.

असा तयार मराठी क्रम कोणाच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) वापरात आहे का, आणि त्यात सुरुवातीचं अभिवादन व समारोप कोणत्या शब्दांत आहे?