मदत हवी आहे: दारू सोडलेल्या काकांना कुठे भरती करावं? (अर्जंट)

सांगोल्याचा_सख्या:
आमचं सात-आठ जणांचं मंडळ आहे, रविवारी मारुतीच्या देवळात बसतो, ज्याला दारू सोडायचीय त्याला धीर द्यायचा, पैसे-बिसे घेत नाही. एका काकांनी आमच्यासमोर शपथ घेतली. आता हात थरथरतायत, झोप नाही, घामानं बनियन भिजलंय, काकू म्हणतात करणी केलीय कुणीतरी. पुण्यात लगेच भरती करणारं केंद्र सांगा, पटकन.

माणदेशी:
सोडून किती दिवस झाले? रोज किती घ्यायचे? वय? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

विठूचा_पाईक:
पंढरपूर जवळच आहे तुम्हाला. माळ घाला गळ्यात. आमच्या वडिलांनी घातली, परत थेंब शिवला नाही.

जुनी_सिस्टर:
पाईकदादा, माळ नंतर घाला. सख्या, तारीख सांग आधी.

सांगोल्याचा_सख्या:
शपथ परवा सकाळी. देशी, रोज तीन क्वार्टर तरी, वीसेक वर्षं. वय बावन्न. पण मी केंद्राचं विचारलंय!

आडवी_बाटली:
मुळावर घाव घाला. गावातल्या 25 टक्के बायकांच्या सह्यांचा अर्ज द्या, मग गुप्त मतदान, यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. आम्ही केलंय.

माणदेशी:
अहो त्यांच्या घरात माणूस थरथरतोय आणि तुम्ही मतदान घेताय. शिवाय हातभट्टी मुळातच बेकायदा, तिला कसलं मतदान?

आडवी_बाटली:
हातभट्टीचा विषय कुणी काढला? तो देशी म्हणतोय, वाचा नीट.

जुनी_सिस्टर:
भांडा सावकाश. सख्या, करणी नाही ही. रोज पिणाऱ्याची एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येते, भास होतात, जीवही जातो. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात पाहिलंय. पुण्याचा नाद सोड, आत्ता जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. आणि तिथं दारूचं लपवू नका, लोक लाजून नुसता अशक्तपणा सांगतात. ग्लुकोज चढवायच्या आधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागतं यांना.

निनावी_०७:
चहातून न सांगता द्यायची गोळी मिळते, जाहिरात बघा. माझ्या मेव्हण्याला दिली.

जुनी_सिस्टर:
अजिबात नको! बऱ्याचदा ती डायसल्फिराम असते, दारू सोडवायचं औषध, त्यावर दारू प्यायला तर बीपी पडतं. डॉक्टरनं, माणसाला सांगूनच द्यायची असते.

सांगोल्याचा_सख्या:
काका भिंतीवर मुंग्या दाखवतायत, आम्हाला तर दिसत नाहीत.

जुनी_सिस्टर:
108 लाव. आत्ता. एकट्याला सोडू नका.

माणदेशी:
केंद्राचं मग बघू. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात 35 दिवस राहावं लागतं, माझा भाऊ राहिलाय. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446, फुकट आहे.

सांगोल्याचा_सख्या:
गाडी आली, मी बरोबर चाललोय. बुधवारी अजून दोघं शपथ घेणार होते, पोरांना सांगून थांबवतो. एक काका तर घरी बसूनच सोडणार म्हणत होते.

जुनी_सिस्टर:
शपथ घेऊ दे, पण आधी डॉक्टरला दाखवून. पोचलास की लिही.

निनावी_०७:
गुटख्यासाठी चालेल का हो तुमचं मंडळ? आमचा मोठा पोरगा...