फ्रॅक्टल नॉर्थ कॅबिनेट: काच घेऊ की जाळी?

प्रश्न: नवीन पीसी बांधतोय, फ्रॅक्टल कंपनीचं नॉर्थ कॅबिनेट (पीसीचे भाग बसवायची पेटी) मनात भरलंय, पुढे खऱ्या अक्रोडाच्या लाकडी पट्ट्या, हॉलमध्ये ठेवलं तर फर्निचरच वाटेल. बाजूला काच घेऊ की जाळी?

उत्तर १: पट्ट्यांच्या फटींतून पुढचे दोन १४० मिमी फॅन हवा ओढतात, त्यामुळे दोन्ही चालतात, पण ग्राफिक्स कार्ड तापणारं असेल तर जाळीच घे, बाजूनेही हवा मिळते, आवाज थोडा जास्त येईल एवढंच. यूएसबी, हेडफोन सगळं वर आहे, टेबलाखाली ठेवलंस तरी सोयीचं.

उत्तर २: माझ्याकडे काचवालं आहे. दिसतं सुरेखच, पण बोटांचे ठसे लगेच उठतात. पट्ट्यांमधली धूळ मी रंगाच्या कोरड्या ब्रशने काढतो, लाकडाला ओलं फडकं लावत नाही.

प्रश्नकर्ता: मग जाळीच घेतो, थँक्यू दादा!