मक्याच्या शेतातलं कॉलेज बघायला जाणं म्हणजे सहल?

मिनेसोटाकर (धागाकर्ता)
परवा इथल्याच एका चर्चेत कुणीतरी लिहिलं, "मक्याच्या शेतातल्या दीड-दोन हजार पोरांच्या कॉलेजवर वर्षाला ८०-९० हजार डॉलर उधळणारे आईबाप पोरांचं वाटोळं करतात, आणि ती कॉलेजं बघत हिंडणं म्हणजे सुट्टीची सहल." दोन दिवस डोक्यातून जाईना. म्हणून वेगळा धागा काढतोय.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही आयोवा राज्यातलं ग्रिनेल कॉलेज बघायला गेलो. राजधानी डे मॉइनपासून आय-८० महामार्गावर पूर्वेला तासाभराच्या आत. गावाची वस्ती नऊ-एक हजार, कॉलेजात सतराशेच्या आसपास मुलं, आणि कॅम्पसच्या मधून मालगाडीचे रूळ. मुद्दाम थंडीत गेलो, आणि मुद्दाम मंगळवारी. ऑक्टोबरात झाडं लाल झालेली असताना कुठलंही कॉलेज आवडतं.

माझी मुलगी तीन हजार मुलांच्या हायस्कुलात चार वर्षं मागच्या बाकावर बसली. हात वर केलेला मी तरी ऐकला नाही. तिथे ती बारा जणांच्या वर्गात तासभर बसली. बाईंनी तिचं नाव विचारलं आणि अर्ध्या तासाने त्याच नावाने तिला प्रश्नही विचारला. आम्ही दोघं तोवर गावातल्या वाचनालयात. संध्याकाळी गाडीत बसल्यावर म्हणाली, "बाबा, इथे मला गप्प बसून चालणार नाही." हे वाक्य मला कुठल्या क्रमवारीत सापडलं असतं?

दुसरं एक कॉलेज, यादीत ग्रिनेलच्या वरचं, आम्ही त्याच आठवड्यात पाहिलं. जेवणाच्या वेळी अख्ख्या हॉलमध्ये पोरं एकेकटी, कानात इअरफोन घालून जेवत होती. तिने ते परतीच्या वाटेवरच खोडलं. माझं म्हणणं एवढंच की मोठ्या विद्यापीठात आपली माणसं नंतर शोधता येतात. सतराशेंच्या गावात जे आहे तेच चार वर्षं आहे. तिथे न बघता प्रवेश घेणं मला धोक्याचं वाटतं.

बे_एरियातला_बाप
ते वाटोळ्याचं वाक्य माझंच आहे. मागे घेत नाही.

मी स्वतः कराडला इंजिनियरिंग केलं, इथे सरकारी विद्यापीठात एमएस. आमच्या वर्गात साठ-सत्तर जण होते, मास्तरांना नावं माहीत नव्हती, तरी शिकलो. बारा जणांच्या वर्गासाठी चार वर्षांत साडेतीन लाख डॉलर? त्याच पैशात इथल्या सरकारी विद्यापीठाची फी भरून पोराच्या नावावर घराचं डाउन पेमेंट ठेवता येतं. आणि नोकरीचं काय? कंपन्या मुलाखती घ्यायला मक्याच्या शेतात येत नाहीत.

मिनेसोटाकर
इंटेलच्या संस्थापकांपैकी रॉबर्ट नॉइस त्याच शेतातला. १९४९ साली ग्रिनेलमधून पदवी. त्याच्या भौतिकशास्त्राच्या मास्तरांनी ट्रान्झिस्टर नवा असतानाच मिळवून वर्गात आणला होता. आज तुमच्या बे एरियाचा पगार ज्या चिपवर चालतो, ती घडवणाऱ्यांपैकी एकाची सुरुवात तिथे झाली. १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे थॉमस चेक तिथलेच.

आणि ८०-९० हजार हा छापील आकडा आहे. २०११ पासून जवळजवळ प्रत्येक कॉलेजला आपल्या संकेतस्थळावर खर्चाचा हिशोब करणारं यंत्र ठेवावं लागतं. उत्पन्नाचे आकडे टाका, मग बोला.

बे_एरियातला_बाप
टाकलेत. दोघंही आयटीत असलेल्या घराला एक दमडी मदत येत नाही. हिशोबाचं यंत्र माझ्याकडूनच वसूल करतं! आणि पाऊण शतकापूर्वीचा एक नॉइस दाखवून माझ्या पोरीची नोकरी पक्की होत नाही.

व्हर्माँटजवळ
नोकरीचं सोडा, कॉलेज टिकेल का ते आधी बघा. व्हर्माँटमधलं ग्रीन माउंटन कॉलेज २०१९ ला बंद पडलं, मार्लबरो २०२० ला. आयोवातलंच आयोवा वेस्लियन, १८४२ पासून चालू होतं, २०२३ ला कुलूप. व्हर्जिनियातलं मुलींचं स्वीट ब्रायर २०१५ मध्ये बंद व्हायचंच होतं, माजी विद्यार्थिनींनी पैसे उभे करून वाचवलं. ग्रिनेलकडे दोन अब्ज डॉलरच्या वर ठेव आहे, त्याची काळजी नको. पण "छोटं, खेड्यातलं, छान" असं म्हणून सगळ्यांना एका टोपलीत घालू नका. भेटीला गेलात तर बंद पडलेल्या डॉर्म, म्हणजे होस्टेलच्या इमारती, मोजा, कुठला विभाग गेल्या दोन वर्षांत गुंडाळला ते विचारा. प्रश्न अवघड वाटला तरी विचारा.

तिसऱ्या_वर्षाला
मी अशाच एका कॉलेजात शिकते आणि दोन वर्षं टूर गाइड आहे, म्हणून लिहिते. प्रश्न जरूर विचारा, पण काका-मावशींनो, तुम्ही विचारू नका. मुलांना विचारू द्या. आपल्या घरांतली मुलं टूरवर शेवटी चालतात आणि आई माझ्या शेजारी. भारतीय जेवण मिळतं का, मेडिकलला किती जातात, मुलामुलींच्या खोल्या एकाच मजल्यावर का, सगळं आईच. मी मुलाला विचारलं, "तुला काय आवडतं?" तर उत्तर आई देते, "त्याला बायॉलॉजी आवडतं." तो खाली बघतो. मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

शिकागोची_मावशी
हे वाचून फार लागलं. शाकाहारी मुलीला चार वर्षं चीज पिझ्झा खायला घालणार का, हे आईने विचारायचं नाही? माझ्या मोठीने विचारलं नव्हतं, लाजली. पहिल्या सत्रात नऊ किलो वजन उतरलं तिचं. डिसेंबरात विमानतळावर मी तिला ओळखलं नाही. लहान गाव, जवळ इंडियन स्टोअर नाही, मुलीकडे गाडी नाही. धाकटीच्या वेळी प्रत्येक टूरवर पहिला प्रश्न मी विचारला आणि पुढेही विचारणार. पैसे आम्ही भरतो, रात्री झोप आमची उडते.

तिसऱ्या_वर्षाला
मावशी, तुमच्या मुलीचं वाचून मलाही कसंतरी झालं. पण ती लाजली, यातच माझा मुद्दा आहे. टूरवर जी विचारायला लाजली, ती तिथे राहायला गेल्यावर डायनिंगच्या व्यवस्थापकाकडेही गेली नसणार. आमच्याकडे दोन मुलींनी जाऊन सांगितलं, तर आठवड्यात डाळ सुरू झाली. लहान कॉलेजात एवढंच सोपं असतं, पण बोलावं लागतं.

शिकागोची_मावशी
म्हणजे चूक माझ्या मुलीची? अठरा वर्षांची पोर, घरापासून सहाशे मैल, आजारी पडलेली!

बे_एरियातला_बाप
मावशींशी सहमत. ही "पालकांनी गप्प बसावं" संस्कृती मला पटत नाही. आमच्या आईवडिलांनी कराडच्या होस्टेलचा रेक्टर स्वतः भेटून बघितला होता.

मिनेसोटाकर
मावशी, चूक तिची कुणीच म्हणत नाहीये. पण मी वाचनालयात बसून राहिलो, म्हणूनच मुलगी वर्गात बोलली, एवढं मला ठाऊक आहे. मी सोबत असतो तर तिने माझ्याकडेच बघितलं असतं. माझा आवाज मोठा आहे, बायको रोज सांगते.

सांगलीची_आई
तुम्ही सगळे "जाऊन बघा" म्हणताय. आम्ही सांगलीहून कसं जाऊन बघायचं? व्हिसा, दोघांची तिकिटं, म्हणजे माझ्या शाळेच्या पगारातले कित्येक महिने. आणि मदत हवी म्हटलं की परदेशी मुलांच्या बाबतीत बहुतेक कॉलेजं प्रवेश देतानाच खिसा बघतात. ॲमहर्स्ट, बोडन अशी मोजकीच बघत नाहीत, आणि तिथे जागा किती! मुलाने अकरा अर्ज केले. नातेवाईक म्हणत होते, "कॉलेजचं नाव कुणी ऐकलं नाही, कला शाखेलाच घालायचं तर विलिंग्डन काय वाईट होतं?" एका ठिकाणी मदत मिळाली. गाव न बघता गेला. तिथल्या एका मराठी मुलाने रात्री दोन तास फोनचा कॅमेरा चालू ठेवून सगळं फिरवून दाखवलं: लायब्ररी, कपडे धुवायची खोली, बर्फातून वर्गाकडे जायची वाट. तीच आमची भेट. अर्थशास्त्र घेतलं, ते तिथे इकॉनोमेट्रिक्सच्या वर्गवारीत बसतं म्हणून ओपीटी, म्हणजे पदवीनंतर तिथे काम करायची परवानगी, तीन वर्षांची, हेही त्या मुलानेच सांगितलं. आता तिसरं वर्ष चालू आहे. बरं चाललंय.

व्हर्माँटजवळ
ताई, कपडे धुवायची खोली दाखवणारा मुलगा सापडला ही फार मोठी गोष्ट. अधिकृत टूर तिथे कधीच नेत नाही.

मिनेसोटाकर
सांगलीच्या ताई, मान्य. "न बघता घेणं धोक्याचं" हे मी इथे गाडी असलेल्या माणसाच्या नजरेने लिहिलं. तुमच्या मुलाला जे दिसलं ते आमच्यापैकी कित्येकांना तीन भेटींत दिसत नाही.

शिकागोची_मावशी
धाकटीशी काल बोलले. म्हणाली, "आई, तू विचारायचीस तेव्हा मी मनात ठरवायचे, की हे कॉलेज नको." चार कॉलेजं तिने त्यासाठी सोडली. मला आजवर माहीत नव्हतं. जेवणाचं मी तरीही विचारणार. पण टूर संपल्यावर, ऑफिसात जाऊन, एकटीने.

तिसऱ्या_वर्षाला
मावशी, ते अगदी चालेल. आणि डायनिंगवाल्यांचा ईमेल मुलीला स्वतः लिहायला सांगा.

बे_एरियातला_बाप
माझं मत बदललेलं नाही. पण लेकीने हा धागा वाचला आणि ग्रिनेलला जायचंच म्हणून बसली. डेन्व्हरला विमान बदलून डे मॉइन, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. कॉलेजने परवानगी दिली तर ती रात्री डॉर्मवर राहील, मी मोटेलमध्ये. नोकऱ्यांचा प्रश्न तिच्या वहीत लिहून दिलाय, विचारणार तीच. आय-८० वर त्या दिवसांत गाडी चालवणं कितपत जमतं? मी बर्फात कधी चालवलेली नाही.

मिनेसोटाकर
बर्फापेक्षा वारा वाईट. उघडी शेतं, बर्फ उडून रस्त्यावर येतो आणि पुढचं काही दिसत नाही. फोर-व्हील गाडी भाड्याने घ्या, डिकीत दोन ब्लँकेटं आणि खायला ठेवा, पेट्रोल अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. सकाळी निघण्याआधी आयोवाचा ५११ (रस्त्यांची स्थिती सांगणारी सेवा) बघा. रस्ता बंद दाखवला तर डे मॉइनलाच थांबा, कॉलेजला फोन केला की ते वेळ बदलून देतात.