पायथनमध्ये काढलेले ३पी ऑर्बिटल २पीपेक्षा लहान का दिसते?

प्रश्न: रसायनवर्ग

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला रसायनशास्त्र शिकवते. पी ऑर्बिटलची (ऑर्बिटल म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जास्त असते तो भाग) डंबेलसारखी आकृती मुले पाठ करतात, पण ती कोठून येते हे त्यांना कधी दिसत नाही, म्हणून हायड्रोजनची ऑर्बिटल समीकरणावरून काढून वर्गात दाखवावीत असे ठरवले. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या नमपाय या गणिती लायब्ररीत उणे १० ते अधिक १० बोर त्रिज्यांचा (बोर त्रिज्या हे अणूतील अंतराचे एकक) त्रिमितीय ग्रिड घेतला, प्रत्येक बिंदूवर सायपाय या दुसऱ्या लायब्ररीतील लागेर बहुपदी (अंतरावर अवलंबून असलेल्या भागासाठी) आणि स्फेरिकल हार्मोनिक (कोनांवर अवलंबून असलेल्या भागासाठी) वापरून वेव्ह फंक्शन, म्हणजे ज्याचा वर्ग इलेक्ट्रॉन तिथे सापडण्याची शक्यता सांगतो ते मूल्य, काढले, आणि ज्या बिंदूंवर त्याचे निरपेक्ष मूल्य कमाल मूल्याच्या निम्मे आहे त्यांचे पृष्ठ रेखाटले.

दोन ठिकाणी अडले आहे. चुंबकीय क्वांटम क्रमांक (ऑर्बिटलची दिशा ठरवणारा; पीसाठी −१, ० किंवा +१) +१ घेतला की डंबेलऐवजी मेदुवड्यासारखे कडे येते. आणि क्रमांक शून्य घेतला तर २पीची (दुसऱ्या कवचातील पी) पाळी, म्हणजे डंबेलचा एका बाजूचा फुगवटा, केंद्रापासून सुमारे ५.४ बोर त्रिज्यांपर्यंत पोहोचते, पण ३पीची (तिसऱ्या कवचातील) जेमतेम ४ पर्यंत. वर्गात मात्र मी नेमके उलटे शिकवते. चूक सूत्रात आहे की चित्रात?

उत्तर: कोनीयसंवेग

कड्यापुरते सांगतो: ती चूक नाही. +१ आणि −१ ची फंक्शने संमिश्र (वास्तव आणि काल्पनिक भाग असलेली) असतात, आणि झेड अक्षाभोवतीच्या कोनावर अवलंबून असलेल्या त्यांच्या भागाचे निरपेक्ष मूल्य सगळीकडे १ असते. त्यामुळे निरपेक्ष मूल्य घेताच ती दिशा पुसली जाते आणि कडे उरते. पुस्तकातली पीएक्स आणि पीवाय (एक्स आणि वाय अक्षांवरची डंबेल) ही या दोघांची मिश्रणे आहेत. दोघांची ऊर्जा सारखीच असल्याने मिश्रणही श्रोडिंगर समीकरणाचे (ज्यातून वेव्ह फंक्शन मिळते ते) तितकेच वैध उत्तर ठरते. सायपायच्या चिन्हसंकेतानुसार −१ मधून +१ वजा करून २ च्या वर्गमुळाने भागल्यास पीएक्स मिळते; बेरजेला काल्पनिक एककाने गुणून तसेच भागल्यास पीवाय.

सायपायच्या स्फेरिकल हार्मोनिकच्या जुन्या फंक्शनमध्ये अक्षाभोवतीचा कोन आधी द्यावा लागे आणि अक्षापासूनचा नंतर; १.१५ आवृत्तीपासून जे नवे फंक्शन सुचवले जाते, त्यात हा क्रम उलटा आहे. म्हणून कोनांचा क्रम चुकलेला नाही ना हे कळण्यासाठी, क्रमांक शून्यचे डंबेल झेड अक्षावर ताठ उभे राहते का, हे सर्वांत आधी पाहावे.

उत्तर: जाळीचाघन

३पीच्या बाबतीत आपले सूत्र बरोबर आहे; फसवते आहे ते ‘कमाल मूल्याच्या निम्मे’ हे माप. अक्षावर ३पीचे मूल्य आर(६ − आर) गुणिले ई चा −आर/३ वा घात या प्रमाणात बदलते. आर म्हणजे बोर त्रिज्येत मोजलेले अंतर. याची दोन शिखरे आहेत: एक १.७६ वर, दुसरे उलट चिन्हाचे १०.२ वर. मधे ६ वर शून्य आहे, तोच त्रिज्यीय नोड. बाहेरचे शिखर आतल्याच्या जेमतेम एक तृतीयांश उंच असल्याने निम्म्या पातळीला पोहोचतच नाही आणि चित्रातून संपूर्ण गळते. म्हणजे आपण जे पाहिले ते ३पीचा आतला गाभा होता.

आता हे आकडे पाहा. ३पीमधला इलेक्ट्रॉन ६ बोर त्रिज्यांच्या आत सापडण्याची संभाव्यता फक्त ११ टक्के आहे. उरलेली ८९ टक्के बाहेर, आणि सर्वाधिक संभाव्य अंतर १२, म्हणजे आपल्या घनाच्या अक्षावरील टोकांच्याही पलीकडे! म्हणून घन उणे ३० ते अधिक ३० चा करा. प्रत्येक बाजूला २०० बिंदू घेतले तर एकूण ८० लाख होतात आणि वास्तव संख्यांना ६४ एमबी मेमरी लागते, ती साध्या लॅपटॉपलाही झेपते.

पातळी ठरवण्यासाठी सर्व बिंदूंवरच्या मूल्यांचे वर्ग उतरत्या क्रमाने लावा, बेरीज करत जा आणि एकूण बेरजेच्या ९० टक्क्यांवर जिथे थांबाल त्या मूल्याचे पृष्ठ काढा. पडताळणीसाठी १एस, म्हणजे पहिल्या कवचातील गोल ऑर्बिटल, घ्या (त्याला लहान घन पुरतो): गोलाची त्रिज्या २.६६ आली पाहिजे.

उत्तर: ठिपक्यांचाढग

पृष्ठ पाहून मुलांना ऑर्बिटल म्हणजे टरफल असलेली वस्तू वाटते, म्हणून मी ठिपक्यांचा ढगही दाखवतो. त्यात एक चूक फार सहज होते. अंतर आणि दोन्ही कोन सारख्याच शक्यतेने निवडून त्यांना केवळ वेव्ह फंक्शनच्या वर्गाचे वजन दिले, तर ठिपके केंद्राशी आणि झेड अक्षालगत उगाच दाटतात, कारण आकारमानाच्या घटकातले आरचा वर्ग आणि अक्षापासूनच्या कोनाचे साइन हे गुणक राहून जातात. १९३१ मध्ये हार्वे व्हाइट यांनी संगणकाविना, फिरत्या यांत्रिक प्रतिकृतीची छायाचित्रे घेऊन असेच ढग दाखवले होते. ती चित्रे मुलांना अवश्य दाखवावीत.

रसायनवर्ग

सर्वांचे मनापासून आभार. घन वाढवून ९० टक्क्यांचे पृष्ठ घेतल्यावर ३पी स्पष्ट मोठे आले. बाहेरच्या पाळ्या आतल्यांना पूर्ण झाकत होत्या, म्हणून अर्धा भाग कापला आणि धन भागाला केशरी, ऋण भागाला निळा रंग दिला. आता वरून खाली निळा, केशरी, निळा, केशरी असे चार तुकडे दिसतात, आणि दोन्हीकडे रंग बरोबर ६ वर पालटतो.