मदत हवी आहे: अडकलेले पैसे कोर्टातून कसे सोडवायचे?

मंडळी, चतुर्थीच्या आदल्या दिवशी गोव्यात डिचोलीला आमच्या बाबांना 'वीजबिल थकलंय, रात्री कनेक्शन तोडणार' असा व्हॉट्सॲप मेसेज आला. सोबत एपीके फाइल (मोबाइलवर ॲप टाकणारी). माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची सजावट) बांधता बांधता चष्म्याशिवायच दाबली, ८४,००० गेले. (बिलाची पावती फ्रिजवर चिकटवलेली होती!) लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन केला म्हणून ६१,००० पुढच्या खात्यात गोठवले गेले. रायबंदरला सायबर पोलिसांत तक्रारही दिली.

रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा तीन दिवसांचा नियम (तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर काही प्रकरणांत ग्राहकाला भुर्दंड नाही) दाखवला, तर 'फाइल तुम्हीच उघडली' म्हणून बँकेने हात वर केले. गोठवलेल्या पैशांसाठी कोर्टाची ऑर्डर मागतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ५०३ खाली अर्ज करतात म्हणे. तो डिचोलीत की पणजीत? एफआयआर नाही, नुसता तक्रार क्रमांक आहे, चालेल? कोणी केलंय का?